अननसानं दूध नासलं अन् कोलाडा कडू झाला

प्रश्न : दादा, आम्ही लातूरला राहतो. थर्टी फर्स्टला पुण्याहून मेव्हणे आलते, म्हणलं गोव्याला जाणं काही जमंना, निदान तिथं शॅकवर पिलो होतो तो पिन्या कोलाडा तरी घरी करू. नारळाच्या दुधाचा डबा कुठं भेटला नाही म्हणून साधं दूध, व्हॅनिला आइस्क्रीमचे दोन गोळे, ताजं अननस अन् व्हाइट रम, सगळं मिक्सरला फिरवलं. फोटो काढूस्तोवर बरं होतं, जेवून आलो तर वर पाणी, खाली चोथा, अन् चव इतकी कडू की मेव्हणे म्हणे हा कशाचा काढा? चुकलं कुठं? आईसाठी अन् पोरांसाठी बिनदारूचं पण सांगा.

उत्तर : रमची काही चूक नाही, करामत अननसाची आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रोटीनचे तुकडे पाडतं, म्हणून दूध फाटतं अन् कडवटपणा येतो. उकळलं की ते एन्झाइम मरतं, म्हणून तर लग्नाच्या पंगतीतल्या पायनापल शिऱ्यात दूध घातलं तरी काही होत नाही, अन् डब्यातलं अननस पण चालतं.

खरं तर ह्या ड्रिंकमध्ये गाईम्हशीचं दूध नसतंच. हे कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटाचं, तिथल्या सॅन हुआनमधलं एक मोठं हॉटेल हे १९५४ ला आमच्याकडंच पहिल्यांदा झालं म्हणून सांगतं (दावेदार आणखी पण आहेत), अन् १९७८ ला ते तिथलं सरकारी राष्ट्रीय पेय झालं. नावाचा अर्थ गाळलेलं अननस, बस. घट्टपणा येतो तो साखर घातलेल्या नारळाच्या क्रीमनं.

आता आपली अडचण अशी की आपल्याकडं नारळ म्हणजे देवाला नाहीतर ओटीला, अन् स्वयंपाकात काळ्या मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी. ती वाटी इथं कामाची नाही, तेल सुटतं, दूध निघत नाही. कानाजवळ हलवून पाणी वाजणारा ओला नारळ घ्या, खवा, एक वाटी कोमट पाण्यासोबत मिक्सरला फिरवा अन् धुतलेल्या पंचातून जोर लावून पिळा. पहिलंच घट्ट दूध घ्या, दुसऱ्या पाण्याचं आमटीला ठेवा. जेवढं दूध तेवढीच साखर, चिमूटभर मीठ, अन् मंद गॅसवर हलवत राहा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की लगेच बंद, खळखळून उकळलं तर तेल वेगळं होतं. फ्रिजमध्ये ते तुपासारखं गोठंल, घाबरू नका, बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात धरा अन् चमच्यानं हलवा.

दुसरी गोष्ट बर्फाची. बर्फ टाकून टाकून लोक त्याचं पातळ पन्हं करतात. अननसाचे डोळे काढून फोडी रात्रीच फ्रीझरला टाका, त्याच बर्फाचं काम करतात. एका ग्लासाला वाटीभर फोडी, ६० मिली क्रीम, अर्धा चमचा लिंबू. चमचा उलटा केला तर मागं पांढरा थर राहिला पाहिजे, नाही राहिला तर अजून दोन फोडी. मे महिन्यात अननसाच्या जागी आपला केसर आंबा पण भारी लागतो, फक्त साखर कमी करा, अन् मग त्याला कोलाडा म्हणू नका.

रम मिक्सरमध्ये घालूच नका. ती ५० मिली ज्याच्या त्याच्या ग्लासात वरून ओता, म्हणजे एकाच भांड्यात आईचं, पोरांचं अन् मेव्हण्याचं होतं. आपल्या राज्यात रमला वयाची अट २५ ची आहे, कॉलेजातल्या भाच्याला पोरांतच धरा. अन् नारळ फोडायच्या आधी आईला विचारून घ्या, तो ओटीचा तर नाही ना.