इसार देण्याआधी आजोबांच्या नावाचा उतारा काढा

आर्वी तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणारे 34 वर्षांचे, गावात स्वतःचं कृषी केंद्र चालवतात. घरी आई, पत्नी, दोन मुलं. चार एकर कोरडवाहू वावर एकरी 15 हजार मक्त्याने दिलेलं. हाताशी 11 लाख: पाच लाख बँकेत मुदत ठेव, दोन लाख पतसंस्थेत, चार लाख दुकानाच्या खात्यात, नुकत्याच वसूल झालेल्या उधारीचे. त्यांना ‘प्रॉपर्टीत सुरुवात’ करायची आहे आणि समोर तीन गोष्टी आहेत. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजपासून 14 किलोमीटरवरच्या लेआउटमध्ये 1500 चौरस फुटांचे दोन प्लॉट, प्रत्येकी साडेपाच लाख. अडीच लाख इसार पाडव्यापर्यंत रोख, बाकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आर्वीत एक गाळा, 16 लाखांचा, 6,500 भाड्याने गेलेला. आणि काकांचं म्हणणं, ‘धुऱ्याला लागून एकरभर वावर 18 लाखांत निघालं आहे, तेच घे.’ पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: गावातल्या जुन्या घराची समोरची खोली बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राला 1,800 रुपये महिन्याने दिली आहे.

भाऊ, त्या ओळीकडे नंतर येतो. आधी तुमचे 11 लाख मोजू, कारण ते 11 भरत नाहीत.

दुकानाच्या खात्यातले चार लाख हे जूनचे पैसे आहेत. मे महिन्यात बियाणं-खताचा माल भरताना वितरक रोख मागणार. शेतकरी मात्र सोयाबीन सोंगून, कापूस वेचून चुकारा हाती येईपर्यंत तुम्हाला देणार नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी लेआउटच्या एजंटने उरलेल्या रकमेसाठी आखाजीची तारीख दिली तेव्हा तुम्ही हो म्हणालात. म्हणजे माल भरायच्या तोंडावर खातं रिकामं, आणि मग त्याच मालासाठी व्याजाने उचल. हे चार लाख गुंतवणुकीच्या हिशोबातून काढून टाका.

पतसंस्थेतले दोन लाख घराचा राखीव निधी समजा. फक्त मुदत संपली की ते बँकेत आणा; बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागू नाही. आरोग्य विम्याबद्दल पत्रात काही नाही. नसेल तर तो आधी. उरले पाच लाख. आता या पाच लाखांच्या नजरेने तिन्ही गोष्टी पाहू.

प्लॉटचा हिशोब कागदावर मांडून बघा. साडेपाच लाखांत 1500 फूट, म्हणजे फुटाला साधारण 367 रुपये. एका एकरात 43,560 चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडून साठ टक्के विकायला मिळाली तरी एजंट त्या एकराचे 95 लाखांच्या वर उभे करतो. आणि त्याच पट्ट्यातलं वावर काका तुम्हाला 18 लाखांना दाखवताहेत. मधल्या 77 लाखांत मुरमाचा रस्ता, सिमेंटचे खांब आणि एक कमान. उरलेलं सगळं पुढे वाढणाऱ्या भावाच्या नावाने तुमच्याकडून आजच घेतलं जातं आहे.

‘समृद्धीमुळे तीन वर्षांत दुप्पट’ असं तो म्हणतो. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सव्वीस टक्के. पण रस्ता काल-परवा आलेला नाही. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, पूर्ण 701 किलोमीटर 5 जून 2025 पासून चालू आहेत. जो भाव वाढायचा त्यातला बराचसा मूळ शेतकऱ्याकडून घेणाऱ्यांनी आणि त्यांच्याकडून घेणाऱ्यांनी खाऊन झाला. दुसरं, समृद्धीवर वाटेल तिथून चढता-उतरता येत नाही. दोन्ही बाजूंनी अडवलेला रस्ता आहे तो; वर जायचं ते इंटरचेंजवरूनच. जुन्या राज्य महामार्गाला लागून जागा असली की ढाबा होतो, टायरचं दुकान होतं. समृद्धीला लागून वावर असलं तर गाड्यांचा आवाज तेवढा मिळतो. मग 14 किलोमीटरवरच्या प्लॉटला रस्त्याचा काय उपयोग, हे एजंटला विचाराच.

कागद विचारले तर ‘एनए होणार आहे’, म्हणजे जमीन अकृषक होणार आहे, असं उत्तर मिळाल्याचं तुम्ही लिहिता. ‘होणार’ला रजिस्ट्री ऑफिसात किंमत नाही. 1500 फूट म्हणजे दीड गुंठाही नाही. शेतजमिनीचे इतके बारीक तुकडे करायला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ही किमान मर्यादा आहे. शहरी भागातल्या तुकड्यांसाठी सरकारने अलीकडे सवलती आणल्या, आणि एजंट त्याच बातमीचं कात्रण वावरातल्या प्लॉटवर चिकटवतो. मग होतं काय, की सातबारावर दहा-पंधरा जणांची नावं एकत्र चढतात किंवा मूळ शेतकऱ्याचंच नाव राहतं, आणि तुमच्या हाती येतो नोटरी केलेला करार. नोंदणी न झालेल्या करारावर किंवा मुखत्यारपत्रावर जागेची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे.

नियोजन क्षेत्रातल्या 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या लेआउटला महारेराची, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तुमचा लेआउट 42 प्लॉटचा. नंबर मागा. ‘इथं रेरा लागतच नाही’ असं तो म्हणाला आणि ते खरं निघालं, तर त्याच्या डोक्यावर कुणीच नाही एवढाच त्याचा अर्थ. आणि इसार रोख कशाला? जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. तरी तो रोखच मागतो आहे, म्हणजे त्याला तुमच्या पैशाची खूण कुठे ठेवायची नाही.

वर्धा जिल्ह्यात आणखी तीन नोंदी बघाव्या लागतात, ज्या पुण्या-मुंबईचा सल्लागार सांगणार नाही. सातबारावर भोगवटादार वर्ग-2, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं आहे का? विनोबांच्या जिल्ह्यात भूदानातली वावरंही आहेत आणि ती विकायला कुणी मोकळा नसतो. जमीन मूळ आदिवासी खातेदाराची आहे का? तसं असेल तर परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. आणि जुन्या अभिलेखात झुडपी जंगल लिहिलंय का? 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच धरायची असं सांगितलं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना ते लागू आहे आणि वर्धा त्यात येतो. पटवाऱ्याकडून नुसता आजचा सातबारा घेऊन भागत नाही, मागचे फेरफार ओळीने वाचावे लागतात.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितोय तेही सांगतो. 2008 मध्ये मिहान या विमानतळाजवळच्या प्रकल्पाच्या नावाने नागपूरच्या दक्षिणेला जो तो प्लॉट घेत होता, तेव्हा मीही घेतला. दुसऱ्यांना सल्ला देणारा माणूस, पण करार नोटरीचा. दोन वर्षांनी बघायला गेलो तर माझ्या प्लॉटवर छातीएवढी तूर उभी होती. खांब उपटून धुऱ्यावर रचून ठेवलेले. तूर पेरणारा म्हणाला, ‘साहेब, वावर माझ्या आत्यांचंबी आहे, त्यांनी सही दिलीच नाही.’ नऊ वर्षांनी मुद्दल परत मिळालं, व्याज नाही. त्याने जाताना पायलीभर तुरीची डाळ दिली, ती मात्र चांगली होती.

गाळ्याचं तसं नाही. ती खरी वस्तू आहे, भाडं येतं आहे. फक्त भाव जास्त आहे. 16 लाखांवर मुद्रांक आणि नोंदणीचे सात टक्के धरले की 17 लाख 12 हजार. वर्षाचं भाडं 78 हजार. त्यातून कर, रंगरंगोटी आणि एखादा महिना रिकामा जाईल तो वजा केला तर 64 हजार हाती. म्हणजे पावणेचार टक्के. तुमची मुदत ठेवच सात देते आहे. शिवाय तुमचे सगळे 11 लाख ओतूनही सहा लाखांचं कर्ज काढावं लागेल. अकरा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता 8,265 रुपये, आणि भाडं 6,500. दर महिन्याला तुम्हीच गाळ्याला भाडं दिल्यासारखं. त्या भाड्याला 11 लाखांच्या वर किंमत परवडत नाही. एवढी बोली लावलीत तर विकणारा हसेल. हसू द्या, नंबर मात्र ठेवून द्या; एखाद्या साली कापसाचा भाव पडला की तालुक्यातले गाळे रिकामे होतात आणि मालक फोन उचलतात. तोवर एवढं विचारून ठेवा की जागा मालकीची आहे, नझूलची म्हणजे सरकारची आहे की नगर परिषदेने पट्ट्याने दिलेली. पट्ट्याची असेल तर माझं गणित आणखी खाली येईल.

वावराबद्दल थोडक्यात. तुमच्याच आकड्यांनी, 18 लाखांच्या एकराला 15 हजार मक्ता म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. स्वतः कसणार असाल, विहिरीचं पाणी तिकडे नेता येत असेल, तर ते शेतकरी म्हणून घ्या; काकांचं म्हणणं त्या अर्थाने चुकीचं नाही. गुंतवणूक म्हणून पाच लाखवाल्याने ते डोक्यावर घेऊ नये.

आता तुमची ती शेवटची ओळ. तुम्ही प्रॉपर्टीत सुरुवात करायचं म्हणता, पण तुम्ही आधीच घरमालक आहात. दर महिन्याला 1,800 येतात आणि त्याला तुम्ही उत्पन्न धरलेलं नाही. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, बारावीपर्यंत शाळा आहे, आणि तुम्हीच लिहिता की नर्सबाई रोज आर्वीहून बसने येतात. मागच्या पडवीच्या जागी दोन खोल्या, स्वतंत्र संडास-बाथरूम, वेगळं मीटर: तुमच्या गवंड्याचा अंदाज अडीच लाख. खोलीला 1,700 धरा, वर्षातले दोन महिने रिकामे धरा, तरी 34 हजार येतात. अडीच लाखांवर साडेतेरा टक्के. असा परतावा गाळाही देत नाही आणि कमानवाला लेआउट तर नाहीच. चार खोल्या मात्र बांधू नका, गावात तेवढे भाडेकरू नाहीत. वीट आणण्याआधी नर्सबाईंना आणि शाळेतल्या बाहेरगावच्या मास्तरांना विचारा की राहाल का, किती द्याल. भाडेकरार अकरा महिन्यांचा करा आणि नोंदवा. महाराष्ट्रात तो नोंदवणं सक्तीचं आहे आणि घरबसल्या ऑनलाइन होतो.

पण इथेही कागद आहे. ते घर गावठाणात, म्हणजे सातबारा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे आणि त्यावर, तुम्ही लिहिता, अजून आजोबांचंच नाव आहे. नमुना आठ हा घरपट्टीचा कागद, मालकीचा नव्हे. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर आखीव पत्रिका निघाली असेल. भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन ती कुणाच्या नावे आहे ते बघा. वडील गेले, मागे तुम्ही आणि आई. आजोबांच्या बाजूने दोन आत्या. त्यांचा हक्क आहे, आणि अडीच लाखांच्या भिंती उभ्या राहिल्यावर तो आठवण्यापेक्षा आधीच बोलून घेतलेला बरा. त्या हक्क सोडायला तयार असतील तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत करा. नसतील तर भाड्यात वाटा ठरवा. माझ्या प्लॉटवर तूर उगवली ती अशाच दोन न विचारलेल्या आत्यांमुळे.

उरलेले अडीच लाख ठेवीतच राहू द्या. व्यापारी इमारतींच्या भाड्यात वाटा हवाच असेल तर शेअर बाजारात रीटची, म्हणजे अशा इमारती घेऊन त्यांचं भाडं वाटणाऱ्या ट्रस्टची, युनिटं मिळतात. आपल्याकडे पहिलं रीट 2019 मध्ये नोंदलं गेलं, एक युनिट काही शे रुपयांत येतं, आणि वाटण्याजोग्या रकमेतले किमान 90 टक्के त्यांना वाटावेच लागतात. भाव खाली-वर होतो. महिन्याला दोन-तीन हजारांचं घेऊन वर्षभर बघा. नको वाटलं तर विकायला एजंट शोधावा लागत नाही.

एजंटला फोन करून एवढंच सांगा: मंजूर नकाशा, अकृषक आदेशाचा क्रमांक आणि महारेराचा नंबर पाठवा, इसार चेकने देईन. पुन्हा फोन आला तर मला कळवा, कागद मी वाचून देईन. आणि त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा. आत्यांना फोन मात्र तुम्ही करू नका, आईला करू द्या.