पुण्याचं पाणी: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत पाण्याचा विषय इतका पुढे होता की बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलावी लागली.

प्रश्न: शुक्रवार पेठेतला आमचा जुना वाडा पाडून इमारत होणार आहे. मागच्या चौकात घडीव दगडाचा हौद आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. घरातले म्हणतात, हे कात्रजचं पाणी. बिल्डर म्हणतो, राडारोडा टाकून बुजवू. काय करावं?

बुजवू नका. पण कात्रजचं म्हणून तांब्यात भरून पिऊही नका.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे 8 किलोमीटरचा नळ जमिनीखालून आणला गेला. नळ म्हणायचं, पण तो चुन्यातला बांधीव बोगदाच. आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा. रहाट नाही, मोट नाही, सगळा कारभार उताराचा. अशा पाण्याचे वैरी दोन, हवा आणि गाळ. हवेसाठी वाटेत उच्छ्वास बांधले. विहिरीसारखी ही उभी तोंडं. कोंडलेली हवा तिथून निघे आणि सफाईला माणूसही तिथूनच उतरे. गाळासाठी हौद. पाणी हौदात थबकलं की माती तळाशी बसते आणि वरचं निवळ पाणी पुढच्या हौदाकडे निघतं. काळा हौद, बदामी हौद ही याच माळेतली नावं. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावाकडून आणि रास्त्यांनी कोंढव्याकडून वेगळे नळ आणले. त्यामुळे पेठांतला प्रत्येक हौद कात्रजचाच असेल असं नाही. कित्येक तर नुसते पाणी साठवायचे टाके आहेत.

तुमचा कुठला, हे पाहायला पंप लावून हौद रिकामा करा. आत उतरण्याआधी तोंड काही तास उघडं ठेवा आणि वर एक माणूस उभा असू द्या. भिंतीत वरच्या अंगाला खापरी नळाचं तोंड आणि समोर त्याहून किंचित खाली दुसरं भोक दिसलं, तर तो नळाचा हौद. तळ फरसबंद नसून मुरूम किंवा कातळ लागला आणि पाणी भेगांतून येत असेल, तर ती विहीर. भिंतीच्या सांध्यातून पाणी पाझरत असेल, तर कात्रजचा विचार सोडून महापालिकेच्या गळक्या वाहिनीचा विचार करा. पेठांत ही शक्यता सगळ्यात मोठी. तिची परीक्षा सोपी आहे: आलेल्या पाण्यात क्लोरीन तपासा. जमिनीतल्या झऱ्यात क्लोरीन नसतो. मात्र मातीतून झिरपताना क्लोरीन संपूनही जातो, म्हणून दुसरी परीक्षाही करा. पाणीपुरवठा बंद असेल त्या गुरुवारी हौद उपसा. एरवी तासाभरात वीतभर चढणारं पाणी त्या दिवशी हललंच नाही, तर गळती पक्की. क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात लेखी तक्रार द्या आणि सोबत या नोंदी जोडा. नुसतं ‘गळतंय’ लिहिलेला कागद फायलीत झोपतो.

पाणी स्वच्छ निघालं तरी प्रयोगशाळेतून कॉलिफॉर्मची, म्हणजे मैल्याचा माग दाखवणाऱ्या जंतूंची, तपासणी करून घेईपर्यंत ते बागेला, गाड्या धुवायला आणि संडासालाच. बिल्डरला सांगा, की पाझर असलेला हौद राडारोड्यानं भरला तरी पाणी थांबत नाही. ते वाट काढून तळघराच्या भिंतीशी येतं आणि पहिल्याच पावसाळ्यात पार्किंगमध्ये ओल उमटते. हौदाची मापं, फोटो आणि भोकांच्या दिशा काहीही पाडण्याआधी नोंदवून ठेवा.

प्रश्न: महात्मा फुल्यांनी घरचा हौद खुला केला, हे शाळेत शिकवतात. गावात एवढे हौद असताना एका घरच्या हौदानं काय फरक पडला?

हौद होते, हात लावायची मुभा नव्हती. अस्पृश्य मानलेल्यांनी घागर घेऊन बाजूला उभं राहायचं आणि कुणी वरून पाणी ओतेल त्याची वाट पाहायची, असा तो व्यवहार. फुल्यांनी 1868 साली गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद खुला केला तेव्हा पाणी नवं आलं नाही, हातानं उपसून घ्यायचा हक्क आला. 1876 पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. गंज पेठ आज महात्मा फुले पेठ आहे आणि त्यांचं घर फुले वाडा म्हणून पाहता येतं.

प्रश्न: पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात पूर आला, हे ठाऊक आहे. पण आजी सांगायची, की पुरानंतर प्यायला पाणी नव्हतं. पूर आणि टंचाई एकदम कशी?

आजी बरोबर सांगायच्या. 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. काम अजून पुरं व्हायचं होतं आणि तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलेलं होतं. धरणाच्या पोटातून जाणाऱ्या विमोचक मोरीत, म्हणजे पाणी सोडायच्या बोगद्यात, पोलादी सळयांचं काँक्रीट वापरायचं सोडून साध्या काँक्रीटचे ठोकळे बसवले होते. दरवाजे अर्धवट स्थितीत, मोरीतून पाण्याचा धडधडाट सुरू. तिच्यावरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंच धरला. पण मातीच्या धरणावरून पाणी एकदा उलटून वाहू लागलं की ते स्वतःच स्वतःची वाट खणतं.

तो लोंढा खाली खडकवासल्यात उतरला आणि 1879 मध्ये बांधून झालेल्या त्या दगडी भिंतीलाही भगदाड पडलं. आजींच्या म्हणण्याचं उत्तर इथे आहे. शहराला पाणी खडकवासल्यातून कालव्यानं येई. भिंत गेल्यावर साठाच उरला नाही, कालवा कोरडा, नळ कोरडे. मग टँकर, वाड्यांतल्या विहिरी आणि तोवर अडगळ वाटणारे पेशवेकालीन हौद यांवर शहरानं दिवस काढले. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या.

प्रश्न: पावसाळ्यात मोबाइलवर ‘खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक’ असे संदेश येतात. घाबरायचं कधी?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28.3 लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण 2,831 कोटी लिटर. दोन्ही जोडणारा आकडा लक्षात ठेवा: 11,574 क्युसेक 24 तास चाललं की एक टीएमसी पाणी जातं.

आता धरणं पाहा. वरसगाव 12.82 टीएमसी, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि सगळ्यांच्या खाली खडकवासला जेमतेम 1.97. म्हणजे 35,000 क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर खडकवासल्याच्या दीडपट पाणी निघून जातं. म्हणूनच वरची धरणं भरलेली असताना खडकवासला पाणी धरून ठेवू शकत नाही. येईल तेवढं सोडावंच लागतं. तेव्हा आजच्या विसर्गाबरोबर पानशेत-वरसगाव किती टक्के भरलीत, हेही पाहा. दोन्ही काठोकाठ आणि घाटात पाऊस चालू असेल, तर रात्री आकडा वाढणार असं धरून चाला.

शिवाय धरण आणि शहर यांमधला पाऊस या आकड्यात नसतो, आणि संगमाला मुळा नदी फुगलेली असेल तर खडकवासल्याकडून येणाऱ्या मुठा नदीचं पाणी तुंबून मागे चढतं. 2024 च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं, ते अनेकांना झोपेत गाठून. नदीपात्रातल्या रस्त्यावरची गाडी संध्याकाळीच हलवा. तळमजल्यावर राहत असाल तर मीटरबोर्ड, इन्व्हर्टर आणि कागदपत्रं आधी वर न्या, सोफा नंतर.

प्रश्न: आमच्या वस्तीमागून मुठा उजवा कालवा जातो. भरावातून थोडं पाणी झिरपतं. धोका आहे का?

पाण्याचा रंग पाहा. वर्षानुवर्षं तेवढंच, निर्मळ झिरपत असेल तर ते बहुधा निरुपद्रवी. गढूळ झालं, धार वाढली किंवा भरावाच्या पायथ्याशी मातीचा छोटा ढीग जमू लागला, तर पाणी आतून माती ओढतंय. त्याच दिवशी पाटबंधारे विभाग आणि अग्निशमन दल (101) यांना कळवा. उंदीर-खेकड्यांची बिळं, झाडांची मुळं आणि केबलसाठी परस्पर केलेली खोदाई, ही नेहमीची कारणं. 27 सप्टेंबर 2018 ला याच कालव्याची भिंत फुटून दांडेकर पूल परिसरातली घरं पाण्यात गेली होती. पाऊस नसताना.

प्रश्न: गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी गढूळ आणि वर मीटर भरधाव. हे काय गौडबंगाल?

वाहिनी रिकामी झाली की तिच्यात हवा भरते. पाणी परत सोडलं की ही हवा पुढे रेटली जाते, नळ खोकतो आणि मीटरचं चक्र हवेनंही फिरतं. मीटरच्या आधी हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवायला प्लंबरला सांगा. जागा पाइपच्या सर्वांत उंच बिंदूवर.

गढूळपणाचे प्रकार ओळखा. दुधाळ पाणी पेल्यात धरल्यावर खालून वर निवळलं, तर ती निव्वळ हवा. तांबूस असेल तर जुन्या लोखंडी पाइपचा गंज; पाणी तसंच वाहू दिलं की जातो. काळपट आणि वास मारणारं पाणी मात्र टाकीत घेऊच नका. रिकाम्या वाहिनीत पोकळी होते आणि जिथे पाइप गटारातून गेलेला असतो तिथे फटीतून मैला आत ओढला जातो. जे महाभाग वाहिनीलाच थेट मोटर लावतात ते हेच काम रोज करतात, आणि शेजाऱ्याच्या नळातही ते पाणी पोचवतात.

शुक्रवारी सकाळी टाकीच्या आधीचा कॉक बंद ठेवा, सर्वांत खालचा नळ हळू उघडा आणि पहिली पाच-दहा मिनिटं पाणी बादल्यांत धरून संडासाला वापरा. निवळल्यावर कॉक उघडा.

प्रश्न: सोसायटीची 10,000 लिटरची जमिनीतली टाकी धुवायची आहे. ब्लीचिंग पावडर किती?

आधी टाकी उपसून गाळ काढा आणि भिंती ताठ ब्रशनं घासा. मग पुन्हा भरताना 25 टक्के क्लोरीनची पावडर 1,000 लिटरला 200 ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी 2 किलो. प्लास्टिकच्या बादल्यांत पाण्यात कालवा, चुना तळाला बसू द्या आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओता. अख्खी कालवण ओतलीत तर चुना पाइपात जाऊन बसतो. त्यातलं थोडं पाणी वरच्या टाकीत चढवून प्रत्येक घरातला नळ वास येईपर्यंत उघडा, म्हणजे उभे पाइपही धुतले जातात. रात्रभर तसंच ठेवा, सकाळी सगळं काढून टाका, ताज्या पाण्यानं धुवून मग भरा. हे पाणी प्यायचं नाही, हे जिन्यात पाटी लावून आणि दार वाजवून सांगा.

नेहमीच्या वापरात नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. तपासणीचा संच औषधांच्या दुकानात किंवा पोहण्याच्या तलावाचं सामान मिळतं तिथे मिळतो.

पावडर जुनी असेल तर 200 ग्रॅमचा हिशेब फसतो. फोडलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो आणि हातात चुना उरतो, म्हणून ताजी, बंद पिशवी घ्या. डाग जात नाहीत म्हणून संडास धुवायचं ॲसिड सोबत वापरलंत, तर त्या बंद टाकीत विषारी वायू होईल. माणूस आत असताना झाकण पूर्ण उघडं, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक वरच्याच्या हातात. पाणी उपसणारा डिझेल पंप टाकीच्या आत कधीच उतरवू नका.