केनियाला शिकवायला जाताना लोकांनी दिलेलं सामान न्यावं का?

तुम्ही विचारलंय की बेळगावहून तीन महिने केनियातल्या एका शाळेत शिकवायला निघालाय, गल्लीतल्या लोकांनी जुने कपडे, औषधं, पुस्तकं आणून दिलीत, तर त्यातलं काय न्यावं आणि नको ते परत कसं करावं. मी वडगावात शिवणक्लास चालवते. दोन वर्षांपूर्वी व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला एका शाळेत मुलींना शिवण शिकवून आले. माझ्याही बॅगेत असंच सामान होतं. ते न्यायला नको होतं.

पण आधी चिकोडी तालुक्यातलं सांगते. माझं माहेर दूधगंगेकाठचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आई, भाऊ, वैनी, पोरं सगळी शाळेच्या खोलीत राहिली. मदतीच्या गाड्या येत होत्या, माणसं मनापासून येत होती, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तरी व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग पावसात भिजून कुबट वास मारत होता. आईच्या हातात जो ब्लाऊज आला त्याला एकही हूक नव्हता. तिनं तो नीट घडी घालून उशाशी ठेवला, बोलली काही नाही. तिला हवं होतं ते कोरडं परकर, आत घालायचे कपडे, चिखल काढायला खराटा आणि फावडं. वैनीला पॅड हवे होते. एका गाडीवाल्यानं आदल्या दिवशी फोन करून विचारलं, “तुम्हाला काय आणू?” दुसऱ्या दिवशी खराटे, ब्लीचिंग पावडर आणि काडेपेट्या आल्या. त्या माणसाचं नाव आई अजून काढते.

हे डोळ्यांनी बघूनही मी केनियाला जाताना कुणाला विचारलं नाही. लांबचा देश, तिथं काहीच मिळत नसणार, असं धरून चालले. तिथं पहिल्या बाजारादिवशी बघते तर जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग. त्याला ते लोक ‘मितुंबा’ म्हणतात. परदेशातून गठ्ठे येतात, त्यावर बायका पोट भरतात आणि कपडे माझ्या बॅगेतल्यापेक्षा चांगले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी माझी पिशवी हसून घेतली आणि कपाटात ठेवली. मी निघेपर्यंत ती तिथंच होती.

कामाला आलं ते वेगळंच. आमच्या भिशीतल्या बायकांनी वाटखर्चाला म्हणून ११,००० रुपये दिले होते. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, गणवेश नाही म्हणून काही पोरं शाळेला येत नाहीत. चौकातल्या दुकानाच्या ओट्यावर एक शिंपी मशीन मांडून बसायचा. कारागिराला तिकडं ‘फुंडी’ म्हणतात आणि शिलाई मशीनला ‘चेरेहानी’. पोरांना घेऊन त्याच्याकडं गेलो. मापं त्यानं घेतली, मी वहीत लिहिली. काखेत आणि खाली दोन बोटं कापड त्यानं जास्तच ठेवलं, पोरं वाढतात म्हणून. तसंच मीही माझ्या मुलींना शिकवते. कापड तिथल्याच दुकानातलं, शिलाई त्याची. मोबाईलवरून पैसे द्यायची एम-पेसा तिथं २००७ पासून आहे, त्यामुळं हिशेब शाळेच्या फोनवर राहिला आणि माझ्या हातून रोकड वाटायची वेळ आली नाही.

औषधं मात्र अजिबात नेऊ नका, उरलेल्या गोळ्यांची अर्धी पाकिटं तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ सालीच औषधदानाचे नियम केले: पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, रुग्णांनी परत केलेली औषधं नकोत, नावं तिथल्या डॉक्टर-नर्सना वाचता यायला हवीत. तरीही २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. पुष्कळशांवरची भाषा तिथं कुणाला कळत नव्हती आणि त्यांची विल्हेवाट लावायचं काम त्या बिचाऱ्यांच्याच गळ्यात पडलं.

पुस्तकांचं म्हणाल तर आपली मराठी-कन्नड पुस्तकं तिथं चालत नाहीत, अभ्यासक्रमही त्यांचा वेगळा. शाळेनं यादी दिली तर नैरोबीतच घ्या. आणि सामान प्लास्टिकच्या कॅरीबॅगांत बांधू नका. ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्यांना बंदी आहे.

गल्लीत नाही कसं म्हणायचं, हे मला जास्त अवघड गेलं असतं, म्हणून सांगते. परत देताना देणाऱ्याला कमीपणा वाटू देऊ नका. “काकू, साडी चांगली मऊ आहे, तिची वाकळ शिवून घेऊया की,” असं म्हणा. आमच्या क्लासात दर उन्हाळ्यात वाकळी होतात, तुमच्या आसपासही शिवणाऱ्या बायका असतील. ज्यांना खरंच द्यायचंय त्यांना सांगा, मी पोचून पंधरा दिवसांनी शाळेला विचारून कळवते, तोवर पैसे तुमच्याकडंच राहू देत.

आजच शाळेला एक निरोप पाठवा: तुमच्याकडं काय मिळत नाही, काय मिळतं पण परवडत नाही, आणि काय आधीच जास्त झालंय? तिसरा प्रश्न गाळू नका. वाटप करताना पोरांचे फोटो काढू नका. २०१९ ला माझ्या भाच्याला बिस्किटाचा पुडा धरून दोनदा उभं केलं होतं, पहिला फोटो हलला म्हणून. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि त्याला ते अजून आठवतंय.

पाहुणा म्हणून काही न्यायचंच असेल तर गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई न्या, दुकानाचा सीलबंद डबा. आपला खव्याचा कुंदा एवढा टिकत नाही. मी नेलेल्याचे बाईंनी सुरीनं बारीक तुकडे करून स्टाफरूममध्ये वाटले. केनियाच्या उत्तरेकडचे एक सर होते, त्यांनी तळलेला डिंक जिभेवर ओळखला आणि म्हणाले, हा तर आमच्याकडच्या बाभळीचा.