दाणेदार छत सपाट करताना

प्रश्न : फोंड्यात १९८०च्या दशकातल्या इमारतीत आमचा सर्वांत वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलच्या छताला दाणेदार गिलावा आहे. त्यात कोळिष्टकं अडकतात आणि वर डिस्टेंपरचे कितीतरी हात चढलेत. चतुर्थीपूर्वी छत सपाट करायचं आहे. रंगारी म्हणतो, पाच मिलिमीटर पुट्टी ओढली की दाणे बुडतील. करू का?

उत्तर : नका करू. व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हात मिळून जेमतेम दीड मिलिमीटरसाठी असते. पाच मिलिमीटर ओढली की ती सुकताना आकसते, बारीक भेगा पडतात आणि सगळा भार जुन्या डिस्टेंपरवर लटकतो. डिस्टेंपर सुटला की वरचं सगळं पापुद्र्यासारखं खाली. रंगाऱ्याचे दोन दिवस वाचतात, एवढाच त्यात फायदा.

चतुर्थीचा नादही यंदा सोडा. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत छत सुकत नाही. ओलावर रंग दिला की महिनाभरात काळी बुरशी दिसते. तुळशीचं लग्न झालं की काम काढा. तेव्हापासून मार्चपर्यंतचे दिवस चांगले. पावसाळ्याचा उपयोग गळती शोधायला करा. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने छताला पक्का चिकटवा आणि २४ तासांनी काढा. छताच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल स्लॅबमधून येते आहे. मग आधी गच्चीची दुरुस्ती, छत नंतर.

काम सुरू करताना हातोडीच्या लाकडी दांड्याने फूट-फूट अंतरावर ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथला गिलावा स्लॅब सोडून बसला आहे. तो पूर्ण काढायचा. सरळ रेषेत भेग आणि तिच्या कडेने तांबूस डाग दिसला तर आतली सळी गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट खाली ढकलतो. अशा ठिकाणी नुसता गिलावा लावणं म्हणजे जखमेवर पावडर. सळी चारी बाजूंनी मोकळी करून तारेच्या ब्रशने घासा, गंजरोधक हात द्या आणि पॉलिमर मॉर्टरने (चिकट पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने) भरा. सळी झिजून बारीक झाली असेल तर गवंड्याला थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आवाज सगळीकडे ठणठणीत आला तर दाणे खरवडायची गरज नाही, त्यांची पकड कामाची आहे. डिस्टेंपर आणि चुना मात्र निघालाच पाहिजे. फवाऱ्याने पाणी मारा, पंधरा मिनिटं थांबा आणि पत्र्याने खरवडा. दाण्यांच्या खोबणीत पांढरं राहतंच. तिथे तारेचा ब्रश. सुकल्यावर ओला तळहात फिरवून पाहा, पांढरा होत असेल तर पुन्हा धुवा. इथेच बहुतेक कामं फसतात. गुळगुळीत जागा असतील तिथे छिन्नीने दोन-दोन इंचांवर टाचे मारा.

आता गिलावा. गळती नसलेल्या हॉलला जिप्सम प्लास्टर सोयीचं: त्याला पाणी मारत बसावं लागत नाही. जिप्समसाठीचं वाळूमिश्रित बाँडिंग एजंट रोलरने लावून रात्रभर सुकू द्या. पाण्याच्या नळीने भिंतींवर पातळी काढून दोरी धरा, सपाटीचे ठिपके लावा, मग सहा ते आठ मिलिमीटर थर. एका चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटरमागे साधारण एक किलो माल लागतो. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या छताला सात मिलिमीटरने ८० किलोच्या आसपास. खोबण्या आणि सांडलवंड धरून २५ किलोच्या पाच गोण्या आणा. एका वेळी अर्धीच गोणी कालवा: घमेल्यात आधी आठ-साडेआठ लिटर पाणी, त्यावर पावडर. वीस-पंचवीस मिनिटांत माल आवळतो. आवळलेल्या मालात पुन्हा पाणी घालून वापरू देऊ नका, आणि घट्टपणासाठी सिमेंटही मिसळू देऊ नका. दोघांची ओल्यात रासायनिक गाठ पडली की थर फुगून सुटतो. रंगापूर्वी कोरड्या हवेत आठ-दहा दिवस द्या.

स्वयंपाकघर, बाथरूम आणि जिथे ओलीची शंका आहे तिथे जिप्सम नको. तिथे एकास तीन सिमेंट-वाळू, सहा मिलिमीटर, सात दिवस पाण्याचा फवारा. त्याआधी सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्स (पकड वाढवणारं दुधाळ रबरी द्रावण) यांची पातळ लापशी फासा, आणि ती चिकट असतानाच गिलावा चढवा. लापशी सुकली तर ती गुळगुळीत पापुद्रा होते आणि उलट काम बिघडवते.

स्लॅबला पोट आलं असेल आणि खळगा पंधरा मिलिमीटरहून जास्त भरावा लागत असेल तर गिलाव्याचा हट्ट नको, खालून फॉल्स सीलिंग करा. मात्र पोट का आलं ते आधी इंजिनिअरकडून तपासून घ्या.

प्रश्न : म्हापशाच्या घरात माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधायच्या चौकटीच्या) छतातल्या कड्यांभोवतीचा गिलावा दर वर्षी ढिला होतो. काय करावं?

उत्तर : कडी बहुधा नुसत्या गिलाव्यात धरलेली असते किंवा गंजून फुगलेली असते. नारळ, चिबूड आणि सुपारीच्या घोसांचं ओझं गिलाव्याने पेलायचं नसतंच. जुनी कडी काढा आणि सळी चुकवून चांगल्या काँक्रीटमध्ये स्टेनलेस स्टीलचा १० मिलिमीटरचा आय-बोल्ट फास्टनरने बसवा. किमान ६० मिलिमीटर काँक्रीटमध्ये, गिलाव्याची जाडी वेगळी धरायची. भोवतीचा गिलावा कडीला न चिकटवता दोन मिलिमीटर फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरा. माटोळी बांधण्याआधी प्रत्येक कडीला पाण्याने भरलेली २० लिटरची बादली दिवसभर टांगा. खाली गादी ठेवा आणि खोलीत कुणी नको.

प्रश्न : डिचोलीच्या जुन्या घराच्या माळ्याखाली सिमेंटचे सपाट पत्रे आहेत. त्यांवर गिलावा बसेल?

उत्तर : बसणार नाही, पत्रा उन्हाने हलतो, गिलावा तडकतो. शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे घासू नका, भोकं पाडू नका, खरवडूही नका. प्रायमर आणि रंग पुरे. सपाटच हवं असेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतंत्र फ्रेम टाकून जिप्सम बोर्ड लावा, पत्र्याला हात न लावता.