वाचकांचे प्रश्न : रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत

प्रश्न : माझे वय ४६. रात्री पाठ टेकली की थोड्या वेळात दोन्ही पोटऱ्यांच्या आत वळवळल्यासारखे, ओढल्यासारखे होते. दुखत नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून फेऱ्या मारल्या की थांबते, आडवी झाले की पुन्हा सुरू. पहाटे त्रास कमी होतो, तेव्हा कुठे डोळा लागतो. कॅल्शियमच्या गोळ्यांनी फरक पडला नाही. हिमोग्लोबिन १२.४ आहे. सर्दीची गोळी घेतली त्या रात्री तर फारच हाल झाले. हा अशक्तपणा आहे का?

उत्तर : हे वर्णन रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमशी, म्हणजे पाय स्वस्थ न राहण्याच्या आजाराशी, जुळते. त्याचे निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते, त्यामुळे डॉक्टरांना नुसते 'पाय दुखतात' असे सांगू नका. चार गोष्टी स्पष्ट सांगा : पाय हलवण्याची अनावर ओढ लागते, ती बसल्या-पडल्यावर सुरू होते, चालले किंवा पाय ताणले की निदान तेवढ्यापुरती थांबते, आणि संध्याकाळी-रात्री वाढते. चारही लागू पडत असतील आणि पायात गोळे येणे, सूज, सांधेदुखी यांसारखे दुसरे कारण सापडत नसेल, तर निदान जवळजवळ पक्के. आई-वडिलांना किंवा भावंडांना असाच त्रास असेल तर तेही सांगा, कारण हा आजार बऱ्याचदा घराण्यात चालतो. तुम्ही हे मनाने लावून घेतलेले नाही आणि कॅल्शियमच्या कमतरतेशीही याचा संबंध नाही.

हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणजे लोह पुरेसे आहे, असे धरू नका. इथेच बहुतेकांची तपासणी अपुरी राहते. या आजारात मेंदूला लोह कमी पडते, आणि रक्तातले हिमोग्लोबिन उत्तम असतानाही शरीराचा लोहाचा साठा आटलेला असू शकतो. त्यासाठी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेले जाणारे लोह दाखवणारी) या दोन्ही चाचण्या सकाळी उपाशीपोटी करा. लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घेऊ नका. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, तेव्हा बरे होईपर्यंत थांबा. प्रयोगशाळेच्या कागदावर फेरिटिन १५ किंवा २० असले तरी 'नॉर्मल' छापलेले असते. या आजारात मात्र ७५ किंवा त्याहून कमी फेरिटिन असले तरी लोह देतात.

नेहमीचा डोस साधारण ६५ मिलिग्रॅम लोहाचा, दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड, क जीवनसत्त्वासोबत रिकाम्या पोटी. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीच्या आसपास नको, त्यांनी लोह नीट शोषले जात नाही. थायरॉइडची गोळी असेल तर मध्ये चार तासांचे अंतर ठेवा. फरक पडायला आठवडे लागतात; तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा मोजा. चाचणीशिवाय लोह सुरू करू नका, जादा लोह शरीरात साठून राहते. साठा फारच कमी निघाला तर रक्त कुठून जाते आहे (पाळीतून की आतड्यातून) हेही शोधायला हवे.

सर्दीच्या गोळीबद्दलची तुमची नोंद फार मोलाची आहे. झोप आणणारी क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिनसारखी औषधे, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या हा त्रास वाढवतात. मात्र नैराश्याची गोळी स्वतःहून बंद करू नका. बदल डॉक्टरच करतील. रात्री मद्य आणि दुपारनंतर कॉफी टाळून पाहा. एवढ्याने भागले नाही तर गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन देतात. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे सुरुवातीला छान लागू पडतात, पण काही वर्षांत त्रास दुपारपासूनच सुरू होऊन हातांतही पसरू शकतो. अशा वेळी डोस वाढवत नेणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. मध्यरात्री पोटरीत गोळा येऊन ते ओरडत उठतात. त्यांनाही हाच आजार असेल?

उत्तर : नाही. गोळा आला की स्नायू हाताला दगडासारखा लागतो आणि वेदना तीव्र असते. गुडघा सरळ ठेवून पायाचा चवडा नडगीकडे ओढून धरा, म्हणजे पोटरी सुटते. नंतर दिवसभर ठणका राहू शकतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. यासाठी कोणी क्विनीन (मलेरियावरचे औषध) सुचवले तरी घेऊ नका, त्याचे हृदय आणि रक्तावरचे दुष्परिणाम गंभीर असतात.

तळव्यांची आग, मुंग्या, बधिरपणा असेल आणि चालूनही तो जात नसेल, तर मज्जातंतू तपासा : रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व, विशेषतः मधुमेहावरची मेटफॉर्मिन चालू असल्यास. दिवसभर उभे राहून पाय जड होत असतील आणि उंच ठेवल्यावर बरे वाटत असेल, तर दोष शिरांचा. पाऊल रात्री दुखते आणि पलंगाखाली लोंबकळत सोडल्यावर बरे वाटते, ही मात्र रोहिणी (पायाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनी) अरुंद झाल्याची खूण आहे. पाऊल गार असेल किंवा जखम भरत नसेल तर दिवस घालवू नका. आणि एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखू लागला तर रक्ताची गुठळी असू शकते : चोळू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवा.