पेठेतल्या थिएटरात जगाचा सिनेमा : वाचकांचे प्रश्न

एकपडदा थिएटरात परदेशी आणि स्वतंत्र चित्रपट लावण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमचं तरुण मंडळ रविवारी सकाळी जवळचं थिएटर भाड्यानं घेऊन ओटीटीवरचा एखादा इराणी किंवा कोरियन सिनेमा दाखवणार आहे. तिकीट लावणार नाही. मग अडचण नसावी ना? – शिवाजी पेठ

उत्तर : अडचण आहे. ओटीटीचं खातं घरात बघण्यापुरतं असतं. तिकीट लावलं नाही म्हणून थिएटरातला खेळ घरगुती होत नाही, ते सार्वजनिक प्रदर्शनच ठरतं. त्यासाठी दोन वेगवेगळे कागद लागतात आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. एक, हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी. दुसरा, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालचं सेन्सॉर प्रमाणपत्र. एक हातात आला म्हणून दुसरा सुटत नाही.

परवानगीसाठी वितरकाला लिहिताना थिएटरचं नाव, खुर्च्यांची संख्या, तारीख, किती खेळ, तिकीट किती किंवा मोफत, आणि थिएटरात कोणती यंत्रणा आहे एवढं पहिल्याच पत्रात द्या. नुसतं 'आम्हाला तुमचा सिनेमा दाखवायचा आहे' एवढ्यावर उत्तर येत नाही. वितरक एक तर ठोक रक्कम मागतो किंवा गल्ल्यातला वाटा, आणि वाट्याबरोबर बहुधा किमान हमीची रक्कम असते. पुढे तिकीट लावायचं ठरलं तर १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के.

परदेशी चित्रपटाला भारतातलं प्रमाणपत्र नसेल तर महोत्सवासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेता येते. पण ती नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरती असते. दारात येईल त्याला तिकीट फाडून आत सोडता येत नाही. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी महोत्सव भरवते. अर्ज लिहायला बसण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या.

आमचा सल्ला असा, की पहिला खेळ स्वतंत्र मराठी चित्रपटाचा लावा. प्रमाणपत्र बहुधा तयार असतं, हक्कही बहुधा निर्मात्याकडेच असतात आणि दिग्दर्शक खेळानंतर बोलायला आनंदानं येतो. परदेशी चित्रपट त्यानंतर, आणि तोही भारतात आधी प्रदर्शित झालेला निवडा.

प्रश्न : वितरकानं हार्ड डिस्क पाठवली, पैसेही भरले. थिएटरवाले म्हणतात, 'ही आमच्याकडं चालत नाही.' दोष कुणाचा? – राजारामपुरी

उत्तर : थिएटरचं म्हणणं खरं असू शकतं. डिजिटल थिएटरं दोन प्रकारची असतात. डी-सिनेमाच्या सर्व्हरवर (सिनेमा साठवून प्रोजेक्टरला पुरवणाऱ्या संगणकावर) डीसीपी, म्हणजे जगभर चालणारी सिनेमाची डिजिटल प्रत, थेट चालते. ई-सिनेमाची यंत्रणा सेवा देणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या फाइलवर चालते, तिथे डीसीपी थेट चालत नाही. त्या कंपनीकडून सिनेमा तिच्या स्वरूपात करून घ्यावा लागतो, त्याला वेगळा वेळ आणि वेगळा खर्च. पैसे भरण्याआधीच हे ऑपरेटरला विचारायचं असतं, मालकाला नाही. सर्व्हर आणि प्रोजेक्टर कोणत्या मॉडेलचे आहेत हे ऑपरेटरला तोंडपाठ असतं.

डी-सिनेमा असूनही अडलं तर आधी डिस्क बघा. ती बहुधा लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असते. घरच्या लॅपटॉपला लावली की लॅपटॉप 'फॉरमॅट करू का?' असं विचारतो. तिथे चुकून 'हो' दाबलं की सिनेमा गेला. त्यामुळे डिस्क थेट सर्व्हरलाच लावा. दोन तासांच्या सिनेमाची प्रत दीडशे-दोनशे जीबीची असू शकते. ती सर्व्हरवर उतरवायला दोन तास हाताशी ठेवा आणि हे काम आदल्या दिवशीच उरका.

मग येते कुलूपबंद सिनेमा उघडणारी चावी, म्हणजे केडीएम. ही काही केबींची छोटी फाइल ईमेलनं येते. ती एकाच सिनेमाची, एकाच सर्व्हरची आणि ठरावीक वेळेपुरतीच असते. थिएटरनं मधल्या काळात सर्व्हरचा मीडिया ब्लॉक (चावीनं सिनेमा उघडणारा भाग) बदलला असेल तर जुन्या ब्लॉकच्या क्रमांकावर काढलेली चावी लागत नाही. म्हणून वितरकाला क्रमांक कळवताना तो जुन्या कागदावरून उतरवू नका, त्या दिवशी सर्व्हरच्या पडद्यावर दिसेल तोच कळवा.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. परदेशातून येणाऱ्या चावीत वेळ ग्रीनिचच्या हिशेबानं लिहिलेली असू शकते. चावीची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीची वेळ ०९:३० आणि तिच्या शेवटी अधिक ००:०० असेल तर आपल्याकडे ती चावी दुपारी ३ वाजता जागी होते. सकाळी साडेनऊच्या खेळाला लोक खुर्च्यांवर आणि पडदा काळा. तिथे अधिक ०५:३० हवं. चावी मागतानाच सांगा : आदल्या दिवशी दुपारी १२ पासून, खेळाच्या दुसऱ्या दिवशी रात्री १२ पर्यंत, भारतीय वेळ. आदल्या दिवसाची दुपार यासाठी, की चाचणी घेता येते. चावी चालू झाल्याशिवाय चित्र उघडतच नाही.

प्रश्न : इंग्रजी सबटायटल्स आमच्या घरातल्या मोठ्यांना झेपत नाहीत. मराठी घालता येतील का? – ताराबाई पार्क

उत्तर : येतील, आणि घालावीतच. भाषांतराची आणि जोडण्याची परवानगी मात्र हक्कदाराकडून लेखी घ्या. त्यांच्याकडून वेळेच्या नोंदींसह इंग्रजी संवादांची फाइल मागा. नाही तर प्रत्येक ओळीची वेळ कानानं पकडत बसावं लागेल.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण चाळीस अक्षरं. ओळ सेकंदाच्या आत उडाली तर डोळा पकडत नाही, सहा-सात सेकंदांवर रेंगाळली तर माणूस तीच पुन्हा वाचतो. पुस्तकी मराठी टाळा. 'तू आलास होय?' हे क्षणात वाचून होतं. 'तुझे आगमन झाले का?' वाचेपर्यंत पडद्यावरचा चेहरा बदललेला असतो.

आता खरी मेख. अनेक सर्व्हर सबटायटलची अक्षरं स्वतः जुळवतात आणि त्यांना देवनागरी जुळवता येत नाही. 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी न येता पुढे जाऊन बसते. 'स्त्री'चे पाय मोडलेले तीन तुकडे होतात. संगणकावर सगळं नीट दिसतं, पडद्यावर विस्कटतं. म्हणून डीसीपी करणाऱ्याला स्पष्ट सांगा : अक्षरं फॉन्टनं नकोत, प्रत्येक ओळ पीएनजी चित्र म्हणून द्या, किंवा चित्रावरच कायमची छापा. चाचणीसाठी 'किती', 'स्त्री', 'दृष्टी', 'उत्कृष्ट' आणि 'कार्य' हे शब्द असलेल्या पाच ओळी आधी मोठ्या पडद्यावर चालवून बघा. अक्षरं पांढरी आणि काळ्या कडेची ठेवा. बर्फाच्या दृश्यात नुसती पांढरी ओळ दिसेनाशी होते.

प्रश्न : मागच्या वेळी माणसांची डोकी कापलेली आणि सबटायटलची खालची ओळ गायब. सिनेमाच तसा होता का? – रंकाळा परिसर

उत्तर : नाही. प्रोजेक्टर चुकीच्या मापावर होता. सिनेमा फ्लॅट म्हणजे १.८५ किंवा स्कोप म्हणजे २.३९ मापात येतो. फ्लॅट सिनेमा स्कोपच्या सेटिंगवर लावला की वरून डोकी आणि खालून ओळी जातात. डीसीपीच्या लांबलचक नावात 'एफ' म्हणजे फ्लॅट, 'एस' म्हणजे स्कोप. त्याच नावात संवादांच्या भाषेपुढे 'एक्सएक्स' दिसलं तर त्या प्रतीत सबटायटल्सच नाहीत.

जुने चौकोनी सिनेमे फ्लॅटच्या मधोमध बसतात, दोन्ही बाजूंना काळं राहतं. ते काळं भरून काढायला चित्र ताणू देऊ नका. ताणलंय का हे ओळखायला ताट, चाक, भिंतीवरचं घड्याळ बघा. गोल अंड्यासारखं दिसलं की ताणलं.

चूक दिसली तर पहिल्या पाच मिनिटांत उठून डोअरकीपरला सांगा, मध्यंतराची वाट बघू नका. ऑपरेटरला ती दोन-तीन बटणांत दुरुस्त करता येते. बसायला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरावरची रांग निवडा. तिथून चेहरा आणि ओळ एका नजरेत येतात.

प्रश्न : परदेशी सिनेमाला मध्यंतर द्यावं का? – लक्ष्मीपुरी

उत्तर : शंभर मिनिटांपर्यंतच्या सिनेमाला देऊ नका, दारात पाटी लावून आधी सांगा. त्याहून लांब असेल तर करारात मनाई नाही ना हे बघा. मग दृश्य संपतं ती मिनिट-सेकंदाची नेमकी जागा चाचणीच्या वेळी लिहून ऑपरेटरला द्या. त्याच्या अंदाजावर सोडलं तर वाक्याच्या मधोमध दिवे लागतात.

प्रश्न : आपल्याकडची माणसं वाचत वाचत सिनेमा बघतील? – कसबा बावडा

उत्तर : बघतील. प्रभात कंपनी १९२९ मध्ये याच कोल्हापुरात सुरू झाली तेव्हा सिनेमा मुका होता आणि प्रेक्षक पडद्यावरच्या पाट्या वाचत होता. मराठी बोलपटासाठी त्याला १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पर्यंत थांबावं लागलं.

माणसं दुरावतात ती ऐकू न आल्यानं आणि न दिसल्यानं. या सिनेमांत पावलांचा, भांड्यांचा, श्वासाचा आवाज महत्त्वाचा असतो. आवाजाच्या यंत्राचं प्रमाण माप ७ आहे, पण कर्कश ट्रेलरमुळे बरीच थिएटरं ते साडेचार-पाचवर ठेवतात आणि हळू सिनेमाही त्यावरच चालवतात. चाचणीत साडेपाच-सहावर ऐकून बघा. जुलै-ऑगस्टात पत्र्याच्या छपराखाली असा सिनेमा लावू नका, पावसात एक शब्द कळत नाही. उजेडाचंही तसंच. पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं माप) हवेत, पण दिवा जुना झाला किंवा वीज वाचवायला कमी केला की रात्रीची दृश्यं नुसती काळी दिसतात. चाचणीला सिनेमातलं सगळ्यात अंधारं दृश्यच लावायला सांगा आणि ते शेवटच्या रांगेत बसून बघा.

वार आणि वेळ एकच धरा. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ, असं ठरलं की ते मोडू नका. फुटबॉलच्या हंगामात दुपारचा खेळ ठेवू नका. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असेल त्या दिवशी गेटवरचा पोरगाही तिकडेच असतो.