खानापूर-निपाणी भागातील रुग्णांना योग्य दवाखाना सुचवणारा चॅटबॉट बनवताना सुरुवात कुठून करावी?

सुरुवात भाषेच्या मॉडेलपासून, म्हणजे उत्तरे तयार करणाऱ्या एआय प्रणालीपासून, न करता धोक्याच्या लक्षणांच्या यादीपासून करावी. छातीत कळ, श्वास अडकणे, सर्पदंश, प्रसूतीतील रक्तस्राव यांपैकी काहीही आढळले, तर पुढचा प्रश्न न विचारता 108 क्रमांक दाखवायचा, आणि हा नियम प्रोग्राममध्येच पक्का लिहायचा. तो मॉडेलच्या मर्जीवर सोडू नये. आपल्याकडची आजी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणते तेव्हा तो पक्षाघात असतो. असे शब्दप्रयोग, मध्येच येणारे कानडी शब्दही, डॉक्टर आणि आशाताईंसोबत बसून जमवावे लागतील. माझ्या मते खरी मेहनत इथेच आहे.

चॅटबॉटने रोगनिदान करू नये. किती तातडी आहे आणि कोणत्या विभागाकडे जावे, एवढेच सांगावे. दवाखान्यांची माहिती मॉडेलच्या स्मरणातून न घेता स्वतंत्र, तपासलेल्या तक्त्यातून यावी, कारण अस्तित्वात नसलेला दवाखानाही मॉडेल आत्मविश्वासाने सुचवते. अंतर मोजताना राज्याची सीमा आड आणू नये: निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते. मात्र खर्चाच्या बाबतीत सीमा आड येतेच. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आणि महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांचे नियम वेगळे असल्याने, रुग्णाकडे कोणते रेशनकार्ड आहे हे आधी विचारावे.

आवाजाने प्रश्न विचारण्याची सोय अवश्य ठेवावी. संभाषण साठवायचे असल्यास आधी संमती घ्यावी.